पहिल्यातून थेट चौथ्यात

सिग्नल सुटतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूच निघते, ताशी पंचवीसेक किलोमीटरला पोचते. चालवणारा क्लच दाबतो आणि दुसरा टाकायला दांडा मागे ओढतो. दांडा मागे येतो खरा, पण सरळ येत नाही. आतून कोणी ढकलावे तसा तो उजवीकडे तिरका सरकतो आणि दुसऱ्याऐवजी चौथ्या गिअरच्या जागी जाऊन बसतो. मीटरमध्ये ‘१ ते ४’ अशी सूचना उजळलेली असते. क्लच सोडला की आरपीएम एकदम खाली येतो, गाडी जड होते, आणि मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो.

गाडीत बिघाड नसतो. शेव्हरोले कॉर्व्हेट ही अमेरिकेची सर्वांत नावाजलेली स्पोर्ट्‌स कार, आणि १९८९ पासून २०१९ पर्यंत तिच्या मॅन्युअल गिअरच्या गाड्या कारखान्यातूनच अशा बाहेर पडत होत्या. कंपनीच्या कागदोपत्री याचे नाव ‘कॉम्प्युटर एडेड गिअर सिलेक्शन’. चालवणारे त्याला ‘स्किप शिफ्ट’ म्हणतात. शेव्हरोले कॅमारो, पाँटिॲक जीटीओ, कॅडिलॅक सीटीएस-व्ही, डॉज चॅलेंजर या गाड्यांच्या मॅन्युअल आवृत्त्यांतही ते होते. आणि गाडी घरी आली की पहिल्या काही आठवड्यांत ते बंद करून टाकणारे मालकही पहिल्यापासून होते.

दुसरा गिअर अडवण्याची यंत्रणा अगदी साधी आहे. गिअरबॉक्सच्या अंगावर एक सोलेनॉइड बसवलेला असतो, म्हणजे वीज मिळाली की आतला लोखंडी दट्ट्या पुढे सरकवणारी तारेची गुंडाळी. दट्ट्या पुढे आला की दुसऱ्या गिअरची वाट बंद होते. दांड्याच्या मुठीवरचा नकाशा आठवून पाहा: पहिला डावीकडे वर, दुसरा त्याच्या खाली, तिसरा मध्ये वर, चौथा त्याच्या खाली. पहिल्यातून मागे ओढलेल्या दांड्याला दुसऱ्याची वाट मिळाली नाही, तर मागच्याच दिशेला शेजारी चौथा आहे. तिसऱ्यासाठी दांडा पुन्हा पुढे न्यावा लागला असता. मागे ओढणाऱ्या हाताला अडवायचे नाही, फक्त वळवायचे, म्हणून कंपनीने चौथा निवडला.

ही वाट कायम बंद नसते. २००५ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये, म्हणजे सी-६ मध्ये, कॉम्प्युटर तीन गोष्टी पाहतो. इंजिनाचे पाणी ७६ अंश सेल्सिअसपेक्षा गरम झालेले हवे, वेग ताशी २४ ते ३१ किलोमीटरच्या दरम्यान हवा, आणि थ्रॉटल २१ टक्क्यांहून जास्त उघडलेला नको. तिन्ही जुळले की सोलेनॉइडला वीज मिळते. दांडा चौथ्यात पुरता जाऊन बसला की अडवणूक संपते. मग हवे तर चौथ्यातून दुसऱ्यात यायला मोकळीक असते. सूचना उजळलेली असताना जोर लावून दुसराच टाकायचा प्रयत्न केला तर गिअरबॉक्सला इजा होईल, अशी ताकीद कंपनीने गाडीच्या पुस्तिकेत दिलेली आहे.

चौथ्यात गेल्यावर नेमके काय होते ते आकड्यांत पाहू. या गाडीच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.६६, दुसऱ्याचे १.७८, चौथ्याचे १.००, आणि मागच्या डिफरन्शियलचे ३.४२. मागचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.१४ मीटर पुढे जाते. ताशी ३० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे २३३ फेरे घेते. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये इंजिन २१०० च्या थोडे वर, दुसऱ्यात १४०० च्या आसपास, आणि चौथ्यात जेमतेम ८०० आरपीएमवर. गाडी नुसती उभी असताना इंजिन ज्या फेऱ्यांवर चालते त्याच्या किंचितच वर. ६ लिटरचे, ४०० अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन एवढ्या कमी फेऱ्यांवरही गाडी ओढते, बंद पडत नाही. पण त्या क्षणी ॲक्सिलरेटर दाबला तर हवी तशी उसळी मिळत नाही. चौक ओलांडताना किंवा समोरून येणाऱ्या वाहनांच्या आधी वळण घेताना तीच उसळी लागते.

आता प्रश्न असा, की जी गाडी लोक वेगासाठी आणि हाताने गिअर टाकण्याच्या आनंदासाठी घेतात, तिच्यात कोणत्या अभियंत्याला हे करावेसे वाटले? उत्तर अभियांत्रिकीपेक्षा कायद्यात आणि चाचणीच्या पद्धतीत सापडते.

१९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचे तेल रोखले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्यानंतर १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून प्रत्येक कंपनीच्या सगळ्या मोटारींच्या सरासरी इंधनक्षमतेला किमान मर्यादा घातली. १९७८ च्या मॉडेलांपासून ती लागू झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने ‘गॅस गझलर’ कर आणला, म्हणजे भरमसाट पेट्रोल पिणाऱ्या एकेका मोटारीवरचा कर. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून त्याची सीमा गॅलनला २२.५ मैलांवर स्थिरावली. आपल्या हिशेबात लिटरला साधारण साडेनऊ किलोमीटर. त्याखाली गेलेल्या गाडीवर कर, आणि जितकी खाली तितका जास्त. १९९१ पासून हा कर दुप्पट झाला: सीमेच्या जरासे खाली असणाऱ्या गाडीला १००० डॉलर, तर १२.५ मैलांखालच्या गाडीला ७७०० डॉलर. ट्रक आणि एसयूव्ही मात्र यातून वगळलेल्या होत्या आणि आजही आहेत. मला हा या कायद्याचा सर्वांत मोठा दोष वाटतो, पण तो वेगळा विषय आहे.

रकमेपेक्षा शिक्का जास्त झोंबणारा. नव्या गाडीच्या काचेवरच्या किंमतपत्रकात हा कर वेगळा छापावा लागतो. कॉर्व्हेटसारखी गाडी सीमेच्या अलीकडे की पलीकडे, हे गॅलनमागे एखाद्या मैलावर ठरू शकत होते. तो मैल कुठून तरी शोधून काढणे कंपनीला भाग होते.

१९८४ ते १९८८ च्या मॅन्युअल कॉर्व्हेटमध्ये चार गिअरांच्या जोडीला वरच्या तीन गिअरांसाठी ओव्हरड्राइव्ह होता, आणि तो कॉम्प्युटरच्या हुकमाने आपोआप लागे. नको असेल तर चालवणाऱ्याला एका बटणाने तो बंद करता येई. १९८९ मध्ये जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा सहा गिअरांचा गिअरबॉक्स आला आणि त्याच्याबरोबर स्किप शिफ्ट. बंद करायचे बटण या वेळी दिले नाही. कारण बटण असते तर चाचणीत त्याचा भरवसा धरता आला नसता.

ही चाचणी नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळे तिथेच घडते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, शहरी चाचणी रस्त्यावर होत नाही. बंद खोलीत गाडीची चाके रोलरवर ठेवतात. चालकासमोर पडद्यावर वेगाचा आलेख सरकत असतो आणि त्याने गाडीचा वेग त्या रेषेला धरून ठेवायचा असतो. फार तर ताशी २ मैल इकडे-तिकडे चालते. हा आलेख लॉस एंजेलिसमधल्या एका मार्गावरच्या वाहतुकीवरून बेतलेला आहे. त्याचा मूळ भाग १३७२ सेकंदांचा, अंतर सुमारे १२ किलोमीटर, सरासरी वेग ताशी साडेएकतीस किलोमीटर, कमाल वेग ९१. मध्ये थांबणे आणि पुन्हा निघणे सारखे चाललेले.

या आलेखातला वेग वाढण्याचा कमाल दर सेकंदाला ताशी ३.३ मैल, म्हणजे ५.३ किलोमीटर, एवढाच आहे. त्या काळच्या रोलर-यंत्रांना याहून जोरात वाढणारा वेग झेपत नव्हता, म्हणून खऱ्या रस्त्यावरच्या नोंदी तेवढ्या बोथट केल्या गेल्या. या दराने शून्यावरून ताशी १०० गाठायला जवळजवळ १९ सेकंद लागतील. कॉर्व्हेट तोच वेग पाच सेकंदांच्या आत गाठते. म्हणजे ४०० अश्वशक्तीच्या गाडीला ही चाचणी अगदी हलक्या पायाने पार करता येते. थ्रॉटल २१ टक्क्यांच्या वर न्यायची वेळच येत नाही. गरम इंजिन, मंद वेग, हलका पाय: स्किप शिफ्टच्या तिन्ही अटी चाचणीत आपसूक जुळतात. इंजिन तापले की दर वेळी निघताना पहिल्यातून चौथ्यात.

मॅन्युअल गाडीचा गिअर चाचणीत कधी बदलायचा, हा प्रश्न नेहमीच अडचणीचा असतो, कारण तो निर्णय यंत्राचा नसून माणसाचा आहे. ‘वरचा गिअर टाका’ असा नुसता दिवा लावला तर चाचणी घेणारा विचारणार, की खऱ्या रस्त्यावर लोक त्याचे ऐकतात कशावरून? दुसऱ्याची वाटच बंद असेल तर हा प्रश्न उरत नाही. म्हणून सोलेनॉइड. पुढे २००८ च्या मॉडेलांपासून काचेवरच्या ॲव्हरेजच्या आकड्यांसाठी अधिक जोरकस चाचण्या जोडल्या गेल्या, पण कर आणि कंपनीची सरासरी यांचा हिशेब शहरी आणि हमरस्त्याच्या जुन्याच दोन चाचण्यांवर होत राहिला. त्यामुळे सोलेनॉइडही राहिला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. वरचा गिअर लवकर टाकला की पेट्रोल वाचते, यात खोटे काही नाही. हलक्या पायाने चालवताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टनना तिच्या फटीतून हवा ओढून घ्यावी लागते. शहाळ्यातली नळी चिमटीत दाबून पाणी ओढायला जावे तसे. ताकद ओढण्यातच खर्च होते. तीच गती वरच्या गिअरमध्ये ठेवली तर इंजिनाचे फेरे कमी होतात, तेवढ्याच कामासाठी झडप जास्त उघडावी लागते, ओढण्यातला तोटा घटतो आणि घर्षणही कमी होते. मोठ्या इंजिनाला हे जास्तच लागू पडते, कारण त्याच्या ताकदीचा एवढासा अंश शहरात वापरला जातो. याच गाडीचा सहावा गिअर ०.५० गुणोत्तराचा आहे. ताशी १०० किलोमीटरला इंजिन १३३० च्या आसपास फिरते. हमरस्त्यावर कॉर्व्हेटचे ॲव्हरेज पाहून अनोळखी माणसाला आश्चर्य वाटते, ते याच गिअरमुळे, आणि त्यासाठी कोणाला काही अडवावे लागलेले नाही.

माझा आक्षेप तत्त्वाला नाही, अडवणुकीला आहे. कारण कुलूप चुकवायचे दोन मार्ग कुलपानेच मोकळे ठेवलेले आहेत. एक, ॲक्सिलरेटर जास्त दाबायचा. दुसरा, ३१ च्या पुढे जाईपर्यंत पहिल्याच गिअरमध्ये ताणायचे. दोन्हींत पेट्रोल जास्त जळते, आणि ही गाडी चालवणारे बहुतेक लोक काही दिवसांत नेमके हेच शिकतात. चाचणीच्या खोलीत पेट्रोल वाचवणारी वस्तू रस्त्यावर माणसाला जास्त पेट्रोल जाळण्याची सवय लावते. शिवाय तिसरा गिअर हा खरा मधला पर्याय असतो. हलक्या पायाने पहिला, तिसरा आणि मग पाचवा असे टाकत जाणारा शहाणा चालक इंजिनाला धाप न लावता बहुतेक सगळी बचत मिळवतो.

आता बंद करण्याविषयी. तीन वाटा आहेत.

पहिली आणि कच्ची वाट म्हणजे सोलेनॉइडची वायर नुसती काढून टाकणे. वीज गेली की दट्ट्या पुढे येत नाही, दुसरा गिअर कायमचा मोकळा होतो. पण कॉम्प्युटर त्या सर्किटवर लक्ष ठेवून असतो. गुंडाळी दिसेनाशी झाली की तो पी ०८०३ हा दोषसंकेत नोंदवतो; याच सोलेनॉइडच्या सर्किटसाठी राखून ठेवलेला हा आकडा आहे. काही गाड्यांत त्यापायी इंजिनाचा दिवाही लागतो. एकदा तो दिवा कायमचा लागून राहिला, की उद्या खरा बिघाड झाला तरी कळणार नाही. म्हणून ही वाट मी सुचवणार नाही.

दुसरी वाट म्हणजे बाजारात वीसेक डॉलरला मिळणारा छोटासा प्लग. त्याला ‘स्किप शिफ्ट एलिमिनेटर’ म्हणतात. सोलेनॉइडची वायर काढून तिच्या तोंडात हा प्लग खोचतात. आत काय असते? एक रोधक, म्हणजे रेझिस्टर, बाकी काही नाही. कॉम्प्युटर वीज सोडतो, वीज रोधकातून जाते, त्याला वाटते गुंडाळी जागेवर आहे. दोषसंकेत येत नाही. ‘१ ते ४’ ची सूचना मात्र पूर्वीसारखी उजळत राहते, कारण कॉम्प्युटरच्या लेखी काहीच बदललेले नसते. मला ही या उपायाची सर्वांत चांगली बाजू वाटते: सल्ला शिल्लक राहतो, सक्ती जाते. वायर कापावी लागत नाही, आणि गाडी विकताना प्लग काढून मूळ जोडणी पाच मिनिटांत परत करता येते.

तिसरी वाट कॉम्प्युटरमधली. गाडीचे प्रोग्रॅमिंग करणारे लोक ज्या वेगाला अडवणूक सुरू होते तो आकडा इतका वर नेऊन ठेवतात, की पहिल्या गिअरमध्ये तो कधी गाठलाच जाणार नाही. इतर कारणासाठी प्रोग्रॅमिंग करून घ्यायचेच असेल तर हे जाता जाता होते. केवळ एवढ्यासाठी तो खर्च करण्यात अर्थ नाही.

प्लग बसवणे सोपे, पण तिथपर्यंत पोचणे तितके सोपे नाही. पाचव्या पिढीपासून सातव्या पिढीपर्यंतच्या कॉर्व्हेटमध्ये गिअरबॉक्स इंजिनाला चिकटलेला नसून मागच्या चाकांपाशी असतो, वजन पुढे-मागे सारखे वाटले जावे म्हणून. सोलेनॉइडही तिथेच, सायलेन्सरच्या नळ्यांच्या वरच्या अंगाला. गाडी उचलून खाली झोपून हात घालावा लागतो. गाडी थंड होऊ द्यावी, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली मुळीच जाऊ नये. चारही बाजूंना भक्कम स्टँड हवेत किंवा गॅरेजची लिफ्ट हवी.

आणखी एक धोका आहे. त्याच गिअरबॉक्सवर दुसरा सोलेनॉइड असतो, रिव्हर्स अडवणारा. गाडी पुढे धावत असताना चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून तो आहे. त्याचे काम स्किप शिफ्टच्या नेमके उलट चालते. स्किप शिफ्टचा सोलेनॉइड वीज मिळाल्यावर वाट अडवतो. रिव्हर्सचा वीज मिळाल्यावर वाट मोकळी करतो. वीज नसेल तर रिव्हर्सपुढे कडक स्प्रिंग उभी असते. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे: पहिल्याची वीज गेली तर माणसाला सगळे गिअर मिळावेत, दुसऱ्याची गेली तर धावत्या गाडीचा गिअरबॉक्स वाचावा. म्हणून घाईत चुकीची वायर काढली, तर स्किप शिफ्ट तसेच राहते आणि रिव्हर्स टाकायला दोन्ही हातांचा जोर लावावा लागतो. आपल्या गाडीच्या वर्षाचा आणि मॉडेलचा प्लग घ्यावा, आणि हाताखालची वायर कोणत्या सोलेनॉइडची हे सर्व्हिस मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून मगच काढावी.

वॉरंटीची धास्ती अनेकांना असते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ग्राहकाला संरक्षण दिलेले आहे: बाहेरचा सुटा भाग लावला, एवढ्याच कारणाने कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावे लागते. एका रोधकामुळे गिअरबॉक्सचे दात झिजत नाहीत.

आपल्याकडे ही गाडी कंपनीने कधी विकायला आणलेली नाही, पण प्रश्न आपल्याला परका नाही. भारतातही कंपन्यांच्या सरासरी इंधनक्षमतेचे नियम एप्रिल २०१७ पासून लागू आहेत आणि २०२२ पासून ते आणखी कडक झाले. पुण्याच्या एआरएआयमध्ये, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियामध्ये, गाड्या अशाच रोलरवर ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखानुसार चालवल्या जातात. आपल्या अनेक मॅन्युअल गाड्यांच्या मीटरमध्ये वर जाणारा छोटा बाण दिसतो: गिअर बदला. तो बाण त्याच विचारातून आलेला आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे बाण सांगतो आणि हात ठरवतो. खंबाटकी किंवा वरंध घाट चढताना बाणाचे ऐकायचे नसते हे चालवणाऱ्याला कळते. सपाट रस्त्यावर ऐकले तर टाकी दोन दिवस जास्त पुरते हेही कळते. हीच वाटणी योग्य आहे असे माझे मत आहे.

२०२० च्या मॉडेलपासून आठव्या पिढीची कॉर्व्हेट आली. तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे गेले आणि गिअरबॉक्स फक्त आठ गिअरांचा, दोन क्लचचा, आपोआप बदलणारा राहिला. क्लचचा पेडल नाही आणि दांडाही नाही, म्हणून स्किप शिफ्टही नाही. पण १९८९ ते २०१९ च्या मॅन्युअल गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि हातोहात विकल्या जातात. परदेशात स्थायिक झालेल्या आपल्यापैकी कोणी अशी जुनी गाडी घेत असेल, तर चाचणीच्या फेरीत इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, मग हलक्या पायाने पहिल्यातून दुसरा टाकून पाहावा. दांडा चौथ्यात गेला तर कारखान्याची रचना शाबूत आहे. दुसऱ्यात गेला तर आधीच्या मालकाने ती बंद केलेली आहे. तेव्हा खाली वाकून पाहावे, तिथे प्लग लावलेला आहे की वायर कापलेली. कापलेली असेल तर ती नीट जोडून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावे.